अमेरिकेत ‘गिल्टी’ म्हणण्याआधी

अमेरिकेतील बहुतेक फौजदारी खटले ज्यूरीपर्यंत पोहोचतच नाहीत. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या एका निकालात दिलेल्या आकड्यांनुसार संघीय न्यायालयांतील ९७ टक्के आणि राज्यांच्या न्यायालयांतील ९४ टक्के दोषसिद्धी आरोपीच्या कबुलीतून होतात. सरकारी वकील आणि बचावाचा वकील यांच्यात बोलणी होतात, एखादे कलम मागे घेतले जाते, शिक्षा किती मागायची ते ठरते, आणि आरोपी न्यायाधीशांपुढे उभा राहून ‘गिल्टी’ म्हणतो. या व्यवहाराला ‘प्ली बार्गेन’ म्हणतात. किरकोळ प्रकरणात तो काही मिनिटांत उरकतो. आरोपी अमेरिकन नागरिक असेल तर हिशेब तुरुंग, प्रोबेशन आणि दंड यांच्यापाशी जवळपास संपतो. आरोपी नागरिक नसेल तर त्याच कबुलीतून दुसरे प्रकरण उभे राहते. ते इमिग्रेशनचे असते, आणि पुष्कळदा पहिल्यापेक्षा जड असते.

‘नागरिक नसलेला’ या शब्दांत पर्यटक, विद्यार्थी, एच-१बीवर काम करणारा अभियंता, त्याची एच-४वर आलेली पत्नी आणि कागदपत्रे नसलेला मजूर हे सगळे येतात. ग्रीन कार्डधारकही त्यांतच मोडतो, आणि नेमका तोच हे विसरतो. कार्डाच्या नावात ‘कायम वास्तव्य’ असले, तीस वर्षे कर भरलेला असला, मुले जन्माने अमेरिकन असली, तरी नागरिकत्वाची शपथ होईपर्यंत त्याला हद्दपार करता येते.

हद्दपारी ही शिक्षा नव्हे, ती दिवाणी स्वरूपाची कारवाई आहे, अशी भूमिका अमेरिकन सर्वोच्च न्यायालयाने १८९३ मध्ये घेतली आणि कायदा अजूनही तिच्यावरच उभा आहे. घर, नोकरी आणि कुटुंब सोडून विमानात बसवल्या जाणाऱ्या माणसाला हा भेद कसा समजावायचा, हा वेगळा प्रश्न. या भूमिकेमुळे फौजदारी वकिलाने अशिलाला इमिग्रेशनचे परिणाम सांगायलाच हवेत, असे बंधन बहुतेक न्यायालये मानत नव्हती. २०१० मध्ये ‘पडिया विरुद्ध केंटकी’ या निकालाने ते बदलले. होजे पडिया हा होंडुरासमध्ये जन्मलेला ट्रकचालक चाळीसहून अधिक वर्षे ग्रीन कार्डवर अमेरिकेत राहत होता आणि व्हिएतनाम युद्धात अमेरिकन सैन्यात होता. ट्रकमध्ये गांजा सापडला. इतकी वर्षे इथे आहात, काळजी नको, असे वकिलाने सांगितले आणि त्याने गुन्हा कबूल केला. त्या कबुलीमुळे हद्दपारी जवळपास अटळ होती. योग्य वकील मिळण्याच्या घटनात्मक हक्कातच हद्दपारीच्या धोक्याविषयीचा सल्ला येतो, असे न्यायालयाने ठरवले. परिणाम कायद्यात स्पष्ट असेल तर वकिलाने तो स्पष्ट सांगायचा. कायदा गुंतागुंतीचा असेल तर निदान धोका असल्याचे तरी सांगायचे.

हा निकाल मागच्या प्रकरणांना लागू होत नाही, असे २०१३ मध्ये ठरले. म्हणून ज्याची दोषसिद्धी २०१० पूर्वीच अंतिम झाली त्याला संघीय न्यायालयात या मार्गाने दाद मागता येत नाही. २०१७ च्या ‘ली विरुद्ध युनायटेड स्टेट्स’ प्रकरणात मात्र दरवाजा थोडा अधिक उघडला. दक्षिण कोरियातून बालपणी आलेल्या आणि पुढे उपाहारगृहे चालवणाऱ्या ली याच्याविरुद्धचा अमली पदार्थांचा पुरावा इतका भक्कम होता, की खटला लढवून सुटण्याची आशा नव्हती. तरीही हद्दपारी होणार नाही असे वकिलाने पुन्हा पुन्हा सांगितले नसते तर त्याने कबुली दिलीच नसती, हे त्या वेळच्या नोंदींतून दिसते, आणि तेवढे पुरेसे आहे, असे न्यायालय म्हणाले. ‘त्या वेळच्या नोंदी’ हा भाग महत्त्वाचा आहे. आपल्याला हद्दपारीचीच सर्वांत जास्त चिंता आहे, हे आरोपीने वकिलाला लेखी कळवलेले असेल आणि न्यायालयातही बोलून दाखवलेले असेल, तर पुढे कधी ते सिद्ध करता येते.

महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाच्या मनात एक जुना रस्ता असतो. विनातिकीट प्रवास, वाहतुकीचा खटला किंवा पोलीस कायद्याखालची किरकोळ तक्रार असली, की न्यायाधीशांपुढे गुन्हा कबूल करायचा, दंड भरायचा आणि संध्याकाळच्या आत घरी यायचे. वाद नको, तारखा नकोत, हे तिथले शहाणपण असते. अमेरिकेत हेच शहाणपण अंगाशी येते, कारण इमिग्रेशन कायद्यातील ‘दोषसिद्धी’ची व्याख्या राज्याच्या व्याख्येहून वेगळी आहे आणि पुष्कळ रुंद आहे.

१९९६ मध्ये अमेरिकन काँग्रेसने केलेल्या या व्याख्येत दोन मार्ग आहेत. न्यायालयाने रीतसर दोषी ठरवले तर दोषसिद्धी झाली, हे सरळ आहे. दुसरा मार्ग फसवा आहे. न्यायालयाने निर्णय राखून ठेवला तरी आरोपीने गुन्हा कबूल केला असेल, किंवा ‘वाद घालत नाही’ असे म्हटले असेल, किंवा दोषी ठरवण्याइतकी वस्तुस्थिती मान्य केली असेल, आणि त्यावर कुठलीही शिक्षा, दंड किंवा स्वातंत्र्यावर मर्यादा आली असेल, तरीही ती दोषसिद्धीच. टेक्सासमध्ये आरोपी कबुली देतो, न्यायाधीश निर्णय पुढे ढकलतात, प्रोबेशन नीट पार पडले की खटला काढून टाकला जातो, आणि राज्याच्या दृष्टीने दोषसिद्धी कधी झालीच नाही असे मानतात. इमिग्रेशन न्यायाधीशाच्या दृष्टीने ती झाली, आणि कायमची झाली. राज्याने नंतर नोंद पुसून टाकली तरी सहसा फरक पडत नाही. ‘रेकॉर्ड क्लीन होईल’ हे वाक्य त्यामुळे परदेशी आरोपीने कधीच पुरेसे मानू नये. कुणाच्या दृष्टीने क्लीन, हे विचारावे.

याउलट, कबुली न घेता खटला बाजूला ठेवण्याच्या पद्धती आहेत. न्यूयॉर्कमध्ये खटला ठरावीक मुदतीसाठी तहकूब करून, त्या काळात आरोपी सरळ वागला तर रद्द करतात. त्यात गुन्हा कबूल करावा लागत नाही, म्हणून ती दोषसिद्धी होत नाही. अनेक राज्यांत असेच ‘डायव्हर्शन’ कार्यक्रम आहेत, समुपदेशन किंवा समाजसेवा करायची आणि सुटायचे. पण काही कार्यक्रम प्रवेशाआधीच कबुलीजबाबावर सही घेतात. नाव एकच, परिणाम उलटे. सही कशावर आहे हे वाचल्याशिवाय फरक कळत नाही.

आता गुन्ह्यांकडे. सर्वांत कठोर वर्ग आहे ‘अ‍ॅग्रव्हेटेड फेलनी’. नावावरून खून, बलात्कार, दरोडे डोळ्यांपुढे येतात, आणि ते आहेतच. १९८८ मध्ये हा वर्ग तयार झाला तेव्हा यादी छोटी होती. पुढे ती वाढत गेली, १९९६ मध्ये फारच. आज त्यात असे गुन्हे आहेत जे राज्याच्या कायद्यात ‘फेलनी’ म्हणजे गंभीर गुन्हे नाहीत आणि व्यवहारी अर्थाने गंभीरही नाहीत. या वर्गात पडलेल्या ग्रीन कार्डधारकाला हद्दपारी टाळण्याचे बहुतेक नेहमीचे उपाय बंद होतात, कोठडी बंधनकारक होते, आणि दोषसिद्धी २९ नोव्हेंबर १९९० रोजी किंवा त्यानंतर झाली असेल तर नागरिकत्वही कायमचे नाकारले जाते. हद्दपारीनंतर परवानगीशिवाय परत आल्यास वीस वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

चोरीचे उदाहरण यात सर्वांत शिकवणारे आहे. चोरीच्या गुन्ह्यात एक वर्ष किंवा त्याहून अधिक कैदेची शिक्षा सुनावली गेली, की तो अ‍ॅग्रव्हेटेड फेलनी. सुनावलेली शिक्षा मोजतात, भोगलेली नव्हे. स्थगित केलेली शिक्षाही पूर्ण मोजली जाते. दुकानातून कपडे उचलणाऱ्या माणसाला न्यायाधीशांनी ‘३६५ दिवस, पण सगळे स्थगित, जा घरी’ असे सांगितले तर तो आनंदाने घरी जातो, आणि त्याच्या नावे अ‍ॅग्रव्हेटेड फेलनी चढते. दुसऱ्या कुणाला त्याच गुन्ह्यासाठी ३६० दिवस सुनावले आणि त्याने त्यांतले कित्येक महिने तुरुंगात काढले, तर तो या वर्गात येत नाही. तुरुंगात न गेलेला हद्दपार होतो आणि तुरुंग भोगलेला कदाचित राहतो. फक्त फौजदारी बाजू पाहणारा वकील पहिल्या सौद्याला उत्तम म्हणेल, आणि त्याच्या परीने ते खरेही असेल. यावरून कॅलिफोर्नियाने २०१५ पासून आणि न्यूयॉर्कने २०१९ पासून ‘मिसडिमीनर’ची, म्हणजे किरकोळ गुन्ह्याची, कमाल शिक्षा ३६४ दिवसांवर आणली. एका दिवसाच्या त्या कात्रीमागे हे गणित आहे.

चोरी या वर्गात आली नाही तरी सुटका होतेच असे नाही. ती ‘नैतिक अधःपतनाचा’ गुन्हा मानली जाते. हा शब्दप्रयोग मराठी वाचकाला सरकारी नोकरीच्या आणि निवडणुकीच्या नियमांतून ओळखीचा आहे, आणि तो तिथे जितका धूसर आहे तितकाच अमेरिकेतही आहे. फसवणूक, चोरी, दुसऱ्याला गंभीर इजा करण्याच्या हेतूने केलेली मारहाण, हे गुन्हे साधारणपणे त्यात धरले जातात. प्रवेश मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत असा एक गुन्हा केला आणि त्या कलमाखाली एक वर्ष किंवा अधिक शिक्षा देता येत असेल, तर हद्दपारी होऊ शकते. इथे मात्र प्रत्यक्ष किती सुनावली हे बघत नाहीत, किती देता आली असती हे बघतात. वेगवेगळ्या घटनांतून असे दोन गुन्हे कधीही झाले, तरी हद्दपारी होऊ शकते.

भारतीय विद्यार्थी आणि पाहुणे यांच्या बाबतीत दुकानचोरीचे प्रकरण म्हणूनच हसण्यावारी नेण्यासारखे नाही. भारतातील अमेरिकन दूतावासाने जुलै २०२५ मध्ये जाहीरपणे बजावले, की अमेरिकेत हल्ला, चोरी किंवा घरफोडी केल्यास व्हिसा रद्द होऊ शकतो आणि पुढचे व्हिसाही नाकारले जाऊ शकतात. जानेवारी २०२५ मध्ये संमत झालेल्या ‘लेकन रायली’ कायद्याने चोरी आणि दुकानचोरीच्या नुसत्या आरोपावरूनही काही परदेशी व्यक्तींना कोठडीत ठेवणे बंधनकारक केले. त्याचा रोख मुख्यतः कागदपत्रांविना आलेल्यांवर आहे.

पैशांच्या गुन्ह्यांत आकडा निर्णायक असतो. फसवणुकीत पीडिताचे नुकसान दहा हजार डॉलरपेक्षा जास्त असेल तर तो अ‍ॅग्रव्हेटेड फेलनी. २००९ च्या निझावन प्रकरणात भारतातून स्थलांतरित झालेल्या एका गृहस्थाला ज्यूरीने फसवणुकीच्या कटात दोषी ठरवले, पण रकमेविषयी ज्यूरीला काही विचारले नव्हते. शिक्षा ठरवताना त्याने नुकसान दहा कोटी डॉलरहून अधिक असल्याचे मान्य केले होते. ती मान्यता हद्दपारीसाठी वापरता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. २०१२ मध्ये खोटे कर विवरणपत्र भरल्याची कबुली देणारे एक जपानी दांपत्यही याच नियमात सापडले. मोटेल, किराणा किंवा छोटी सॉफ्टवेअर कंपनी चालवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे: कबुलीच्या कागदावर आणि भरपाईच्या आदेशात कोणता आकडा लिहिला जातो आणि तो कोणत्या कलमाला बांधला जातो, यावर पुढचे सगळे ठरू शकते.

अमली पदार्थांबाबत कायदा जवळजवळ दयाहीन आहे. स्वतःच्या वापरासाठी ३० ग्रॅम किंवा त्याहून कमी गांजा बाळगल्याचा एकच गुन्हा, हा हद्दपारीला असलेला अपवाद. बाकी कुठल्याही अमली पदार्थाची दोषसिद्धी पुरते, मग ती कितीही जुनी असो. अनेक राज्यांनी गांजा कायदेशीर केला असला तरी इमिग्रेशन संघीय कायद्याने चालते आणि तिथे तो निषिद्धच आहे. दोषसिद्धी नसली, नुसते ‘हो, ओढला होता’ असे व्हिसा अधिकाऱ्यापुढे रीतसर मान्य केले, तरी प्रवेश नाकारला जाऊ शकतो. जमैकाच्या मॉन्क्रीफ याच्याकडे फक्त १.३ ग्रॅम गांजा सापडला होता. विकण्याच्या हेतूने बाळगल्याच्या कलमावर त्याने कबुली दिली, आणि ती अ‍ॅग्रव्हेटेड फेलनी नाही हे ठरवून घ्यायला त्याला २०१३ पर्यंत सर्वोच्च न्यायालयात झगडावे लागले. ‘विक्री’, ‘वितरण’, ‘हेतू’ हे शब्द असलेले कलम टाळता आले तर त्यासाठी थोडी जास्त शिक्षा पत्करणेही कधी कधी फायद्याचे ठरते.

घरगुती हिंसेची प्रकरणे आपल्या लोकांत दबल्या आवाजात बोलली जातात. शेजारी ९११ला फोन करतो, पोलीस येतात, आणि बऱ्याच राज्यांत संशयाला आधार दिसला की अटक करणे त्यांना भागच असते. दुसऱ्या दिवशी पत्नी तक्रार मागे घ्यायला तयार असली तरी खटला तिचा नसतो, सरकारचा असतो. मग ‘राग आवरण्याचा वर्ग करा, कबुली द्या, प्रकरण मिटेल’ असा सौदा समोर येतो. कबुली कोणत्या कलमावर, त्यात हिंसेचा घटक आहे का, आणि नाते नोंदीत कसे आले आहे, यावर हद्दपारी अवलंबून असते. शिवाय संरक्षण आदेशाने संपर्काला मनाई असताना ‘फक्त मुलांची चौकशी करायला’ केलेला फोनही धोक्याचा आहे. धमकी, छळ किंवा इजेपासून संरक्षण देणारा भाग मोडल्याचे न्यायालयाने नोंदवले, तर दोषसिद्धी न होताही हद्दपारीचे कारण तयार होते. ज्याच्या व्हिसावर पत्नी-मुलांचा मुक्काम टेकलेला असतो तो गेला, तर त्यांचाही आधार जातो. पीडित पत्नी पोलिसांना बोलवायला कचरते त्यामागे पुष्कळदा हेच गणित असते. तिच्यासाठी कायद्यात स्वतंत्र संरक्षणे आहेत आणि तिने स्वतंत्र वकील पाहावा.

दारू पिऊन गाडी चालवण्याचा साधा गुन्हा सहसा हद्दपारीचे कारण ठरत नाही. तो हिंसेचा गुन्हा नाही, असा निकाल २००४ मध्ये लागला. पण २०१५ पासून अशा अटकेवरून अमेरिकेचे परराष्ट्र खाते व्हिसा रद्द करू शकते. त्या क्षणी मुक्काम बेकायदा होतोच असे नाही, पण लग्नासाठी किंवा आईच्या आजारपणासाठी भारतात आलेला माणूस मुंबईच्या वकिलातीत वैद्यकीय तपासणीच्या फेऱ्यात अडकून बसतो. अग्निशस्त्रांचे गुन्हे हा हद्दपारीच्या कारणांचा आणखी एक वर्ग. त्यात सूट नगण्य आहे.

इथे एक भेद पक्का करून घ्यायला हवा. हद्दपारीची कारणे वेगळी आणि प्रवेश नाकारण्याची कारणे वेगळी. देशात बसून आहे तोवर सुरक्षित असलेला ग्रीन कार्डधारक पुण्याला जाऊन परतला, की विमानतळावर त्याला नव्याने प्रवेश मागणारा मानता येते. मग दुसरी यादी लागू होते, आणि दहा वर्षांपूर्वीचे चोरीचे किंवा अमली पदार्थाचे प्रकरण वर येते. नैतिक अधःपतनाच्या एकाच किरकोळ गुन्ह्याला प्रवेशाच्या यादीत सूट आहे, पण त्या कलमाची कमाल शिक्षा एक वर्षापेक्षा जास्त नसावी आणि सुनावलेली सहा महिन्यांपेक्षा जास्त नसावी. म्हणून कबुलीआधी वकिलाला ‘मी हद्दपार होईन का’ एवढेच विचारून भागत नाही. प्रवास, व्हिसाचे नूतनीकरण, ग्रीन कार्ड आणि नागरिकत्व, प्रत्येकाचे उत्तर स्वतंत्र मागावे.

ही उत्तरे देण्यासाठी वकिलाला माहिती लागते. पहिल्याच भेटीत आरोपीने नागरिकत्व, प्रत्येक प्रवेशाची तारीख, आजवरचे व्हिसा, प्रलंबित अर्ज आणि भारतासह कुठेही झालेली जुनी प्रकरणे सांगावीत. हे बोलणे गोपनीय असते. पोलिसांना किंवा भर न्यायालयात मात्र आपली इमिग्रेशन स्थिती स्वतःहून सांगत बसू नये. फौजदारी वकिलाला इमिग्रेशन कायदा बारकाईने येतोच असे नाही. म्हणून दोन्ही विषय एकत्र हाताळणाऱ्या वकिलाचे मत लेखी घ्यावे. सरकारी खर्चाने वकील मिळाला असेल तरी विचारावे, कारण पडिया निकालानंतर अनेक पब्लिक डिफेंडर कार्यालयांनी यासाठी वेगळे तज्ज्ञ नेमले आहेत. कॅलिफोर्नियाच्या कायद्याने तर सरकारी वकिलालाही बोलणी करताना हे परिणाम विचारात घ्यायला सांगितले आहे. न्यायाधीश कबुलीपूर्वी ‘नागरिक नसाल तर हद्दपारी होऊ शकते’ असे वाचून दाखवतात. संघीय नियमांत ते २०१३ पासून आहे. हे सर्वांना सारखे वाचले जाणारे वाक्य म्हणजे सल्ला नव्हे.

दुभाषा मागताना भाषा ‘मराठी’ असे स्पष्ट सांगावे. रोजच्या हिंदीवर सिनेमा कळतो, पण आरोपाचे घटक आणि हक्क सोडून देण्याची कलमे कळतीलच असे नाही. समजले नसताना मान डोलावणे ही आपली सभ्यता असते, आणि नोंदीत ती संमती म्हणून उतरते.

बोलणीत बदलता येण्यासारख्या गोष्टी अनेक असतात. इमिग्रेशन न्यायाधीश बहुतेक प्रकरणांत आरोपीने प्रत्यक्ष काय केले हे न पाहता कलमाचे घटक काय आहेत हे पाहतो, आणि मर्यादित नोंदीच वाचतो: आरोपपत्र, कबुलीचा करार, कबुलीच्या वेळचे संभाषण. त्यामुळे चोरीऐवजी दुसऱ्याच्या जागेत अनधिकृत शिरल्याचे कलम, ३६५ऐवजी ३६४ दिवस, अमली पदार्थाचे नाव नोंदीत न येणे, पोलिसांचा अहवाल ‘कबुलीचा आधार’ म्हणून न स्वीकारणे, असे छोटे बदल निर्णायक ठरतात. पण संदिग्ध नोंद नेहमीच वाचवत नाही. हद्दपारीतून सवलत मागताना आपला गुन्हा त्या यादीत नाही हे सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर असतो, असे २०२१ मध्ये ठरले. तेव्हा सुरक्षित भाग स्पष्ट लिहून घेणे अधिक बरे.

कबुली देऊन झाल्यावर वाटा अरुंद होतात. इमिग्रेशन न्यायालयात वकील ठेवता येतो, पण सरकार तो पुरवत नाही. ग्रीन कार्ड पाच वर्षे आणि एकूण वास्तव्य सात वर्षे असलेल्याला, अ‍ॅग्रव्हेटेड फेलनी नसेल तर, हद्दपारी रद्द करण्याची विनंती करता येते. सात वर्षांचे घड्याळ काही गुन्ह्यांच्या दिवशीच थांबते. राज्यपाल किंवा राष्ट्राध्यक्षांच्या पूर्ण क्षमेने काही कारणे पुसली जातात, अमली पदार्थांचे कारण जात नाही. दोषसिद्धीच उलटवायची असेल तर ती मुळात सदोष होती हे दाखवावे लागते: चुकीचा सल्ला मिळाला, दुभाषा नव्हता, कबुली समजून दिली नव्हती. केवळ हद्दपारी टळावी किंवा माणूस सुधारला म्हणून न्यायाधीशांनी ती मागे घेतली, तर इमिग्रेशन कायदा ते मानत नाही. म्हणून अर्जात आणि आदेशात कारण नेमके लिहिलेले असावे लागते. कॅलिफोर्नियात २०१७ पासून शिक्षा संपून गेलेल्यांनाही असा अर्ज करता येतो. इतरत्र मुदती कडक आहेत, संघीय प्रकरणात साधारण एक वर्षाची.

नागरिकत्वाचा अर्ज आणि ग्रीन कार्डाचे नूतनीकरण या दोन्ही वेळी बोटांचे ठसे घेतले जातात आणि जुनी प्रकरणे तिथे दिसतात. जुनी दोषसिद्धी असलेल्याने अर्ज भरण्याआधी आणि परदेशी जाण्याआधी वकिलाला कागद दाखवावेत. अर्जांत अटकांविषयीचा प्रश्न नोंद पुसली गेली असली तरी लागू असतो, आणि खोटे उत्तर हे स्वतःच नवे कारण ठरते. प्रकरण संपताच न्यायालयाकडून अंतिम आदेशाची प्रमाणित प्रत आणि आरोपपत्राची प्रत काढून ठेवावी. राज्याने फाइल मोहोरबंद केली किंवा नष्ट केली की ती मिळणे अवघड होते, आणि इमिग्रेशन अधिकारी तीच मागतो.